भुंकणे कुत्र्याचे, भांडण माणसांचे

रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठ वाजता पाठ टेकतो. डोळा लागतो न लागतो तोच शेजारच्या ओट्यावरचा कुत्रा दूधवाल्यावर तुटून पडतो. दुपारी विड्यांचे सूप बाजूला सारून बाई घटकाभर आडवी होते, तर तेच. संध्याकाळी दहावीचे पोर पुस्तक उघडते, तर तेच. बंगल्यातला माणूस खिडकी लावून घेतो. आपल्या पत्र्याच्या घराला खिडकी लावली काय आणि उघडी ठेवली काय, आवाज आत येतोच. चार दिवस माणूस सोसतो आणि पाचव्या दिवशी दगड उचलतो. दगड कुत्र्याला लागतो, पण दुखापत दोन घरांच्या संबंधाला होते. ती लवकर भरून येत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, ज्यांच्या दारात कुत्रा आहे ती कुटुंबेही हे पान वाचतात आणि शेजारच्या कुत्र्याने ज्यांची झोप उडवली आहे तीही वाचतात. म्हणून आज दोघांशीही बोलायचे आहे. एकाला 'कुत्रा काढून टाका' म्हणणे सोपे आहे, दुसऱ्याला 'सोसा' म्हणणे त्याहून सोपे आहे. दोन्हींतून प्रश्न सुटत नाही.

सुरुवात पाण्यापासून करू. अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नगर तालुक्यात हिवरे बाजार हे गाव आहे. पाऊस कमी, जमीन उताराची. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेले आणि कामाच्या शोधात माणसे बाहेर पडली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने आदर्श गाव योजनेत भाग घेतला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंब नियोजन आणि श्रमदान हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असेही ठरवले. २००४ पासून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल आणि उरलेल्यात कोणते पीक घ्यायचे, हे सगळ्यांसमोर ठरते. पोपटराव पवार यांना २०२० साली पद्मश्री मिळाली.

तुम्ही म्हणाल, यात कुत्रा कुठे आला? बोअरबंदीचा अर्थ नीट बघा, म्हणजे कळेल. रान माझे असले तरी खालचे पाणी माझ्या एकट्याचे नाही, असा तो अर्थ आहे. 'मी माझ्या रानात बोअर घेतो, तुझे काय जाते?' हा प्रश्न तिथे चालत नाही, कारण जाते. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी जाते. रात्रीच्या शांततेचेही तसेच आहे. 'मी माझ्या दारात कुत्रा बांधला, तुझे काय जाते?' असे म्हणता येत नाही. शेजाऱ्याची झोप जाते. कुत्रा माझा, साखळी माझी, ओटा माझा. आवाज मात्र कुंपण ओळखत नाही. झोप ही पाण्यासारखीच वस्तीची सामाईक ठेव आहे, आणि सामाईक गोष्टीचा हिशेब चारचौघांत बसून करायचा असतो.

पण या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. हिवरे बाजारात चराईबंदी झाली, गवत कापून आणून गुरांना घरी घालण्याची रीत आली. १९९० च्या दशकाच्या मध्यात गावात रोज सुमारे १५० लिटर दूध निघत असे, ते पुढे सुमारे ४००० लिटरपर्यंत गेले. अशा गावात घरटी दावणीला गाई बांधलेल्या असतात, शेळ्या-करडे असतात, पहाटे अंधारात धारा निघतात, डेअरीची गाडी येते. अशा घराला राखण लागते. भूमिहीन कुटुंबाच्या दारात दोन शेळ्या असतील तर त्याच त्याची बँक असतात. त्या बँकेचा पहारेकरी पगार मागत नाही, उरलेल्या भाकरीवर रात्र जागून काढतो. तेव्हा 'त्याचे तोंड बंद करा' म्हणण्याआधी ते तोंड कशाची राखण करते हे बघायला हवे. भुंकणे संपवायचे नाही, त्याला आवर घालायचा आहे.

आता कुत्रा भुंकतो का, ते पाहू. कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. मोठा झालेला लांडगा क्वचितच भुंकतो. कुत्रा हजारो वर्षे माणसाजवळ राहिला आणि बोलका झाला. ज्याने परका आल्याची वर्दी दिली, त्याला माणसाने जवळ ठेवले आणि त्याचीच पिले वाढवली. म्हणजे ही सवय त्याला माणसानेच लावली आहे. आज आपण तिच्यावरच चिडतो.

हंगेरी देशात बुडापेस्टच्या विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांचे आवाज त्यांनी वेगवेगळ्या प्रसंगी टेप केले: परका दारात आला तेव्हा, कुत्र्याला एकटे बांधून ठेवले तेव्हा, खेळताना, फिरायला निघताना. मग ते आवाज लोकांना ऐकवले. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता, त्यांनाही कोणता आवाज कशाचा हे बऱ्यापैकी ओळखता आले. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या आजीला हे विद्यापीठात न जाता कळत होते. वाकळेत पडल्या पडल्या ती सांगायची, "मांजरावर भुंकतंय, झोपा," किंवा "उठा रे, कोणीतरी आलंय."

तो आजीचा कान पुन्हा तयार करायला हवा. जाड, खालच्या पट्टीतला, न थांबता एकामागून एक येणारा आवाज म्हणजे परका माणूस किंवा जनावर जवळ आले आहे. बारीक, उंच, मध्ये मध्ये थांबून येणारा आणि शेवटी लांब ओढलेला आवाज म्हणजे एकटेपणा. घरातली सगळी माणसे कामाला गेली की हा सुरू होतो. मालकाला तो कधी ऐकूच येत नाही, शेजाऱ्याला मात्र दिवसभर येतो. आपल्या तोंडाकडे बघून तुटक तुटक भुंकत असेल तर मागणी आहे: भांड्यात पाणी नाही, साखळी खांबाला गुंडाळली गेली आहे, शिळ्या तुकड्याची वेळ झाली आहे. फटाक्यांच्या किंवा विजेच्या कडकडाटात शेपूट पायांत घालून भुंकतो तेव्हा ती भीती. आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. दिवाळीचा सुतळी बॉम्ब त्याला कसा वाटत असेल, याचा विचार करा. म्हातारा कुत्रा रात्री कारण नसताना भुंकू लागला तर त्याला ऐकू किंवा दिसू कमी येत असेल, नाहीतर काहीतरी दुखत असेल. आणि दूरच्या वस्तीवर एक भुंकला की सगळे गाव भुंकते, ती एकमेकांना दिलेली साद असते.

कारण न शोधता शिक्षा करणे ही जुनी चूक आहे. जातककथांमध्ये कुक्कुर जातक नावाची कथा आहे. राजाच्या रथाचे चामडे रात्री पावसात भिजले आणि कुत्र्यांनी खाल्ले. राजाला सांगण्यात आले की बाहेरची कुत्री मोरीतून आत आली. राजाने हुकूम सोडला की नगरातली कुत्री दिसतील तिथे मारा, फक्त राजवाड्यातली वगळा. मसणवट्यातल्या कुत्र्यांचा म्होरक्या, जो कथेत बोधिसत्त्व आहे, थेट दरबारात गेला. अपराधी कोण हे न बघता मारणे हा कुठला न्याय, असे त्याने विचारले. त्याच्या सांगण्यावरून राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात गवत मिसळून पाजले, तेव्हा चामड्याचे तुकडे त्यांच्याच पोटातून पडले. वाड्यातल्यांनी खाल्ले आणि मार बाहेरच्यांना. ही गोष्ट फक्त कुत्र्यांची नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. दगड उचलण्याआधी तिची आठवण ठेवा: कुत्रा का भुंकतो, आणि त्याला तसा ठेवणारा कोण?

आता मालकांसाठी. पहिली गोष्ट, दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा भुंकणारच. त्याच्या अंगात ताकद आहे, डोळ्यांसमोर रस्ता आहे आणि पाय बांधलेले आहेत. सकाळी धारा काढायच्या आधी आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास त्याला रानात चालवून आणा. हे काम घरातल्या शाळकरी मुलाकडे द्या. चालून आलेला कुत्रा झोपतो. कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावर फार आखूड किंवा जड साखळीला दीर्घकाळ बांधणे हा गुन्हा मानला आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मोकळे न फिरवणे हाही त्याच कलमात गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट, आतून ओरडू नका. "ए गप! गप बस!" असे आपण घरातून ओरडलो की कुत्र्याला वाटते, मालकही माझ्याबरोबर भुंकतो आहे, म्हणजे संकट मोठे आहे. त्याऐवजी उठून दारात या, तो कुठे बघतो आहे तिकडे बघा, एकदाच "बास" म्हणा आणि त्याला जवळ बोलवा. तो क्षणभर गप्प झाला की लगेच भाकरीचा तुकडा द्या. भुंकत असताना तुकडा देऊ नका, नाहीतर भुंकले की भाकरी मिळते असा तो हिशेब बांधेल. सुरुवातीला दोन क्षण गप्प राहिला तरी द्या, मग पाच, मग दहा. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. आजोबा "हट" म्हणणार, सून "गप" म्हणणार आणि पोरगा काठी घेणार, असे झाले तर कुत्र्याने कोणाचे ऐकावे? तीन-चार आठवडे चिकाटीने केले तर फरक पडतो. तुम्ही पाहिले, आता काम तुमचे, हे त्याला कळले की त्याची पाळी संपते.

तिसरी गोष्ट जागेची. रस्त्याच्या कडेला किंवा शेजाऱ्याच्या भिंतीला लागून बांधलेला कुत्रा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकतो. त्याला गोठ्याच्या बाजूला किंवा परसात हलवा. फाटकाला गोणपाट किंवा शेडनेटचा तुकडा लावला की रस्ता दिसत नाही आणि अर्धे भुंकणे कमी होते. खर्च जवळपास नाही. चाळीत गॅलरीच्या कठड्याला जुनी चादर बांधली तरी तोच उपयोग होतो.

चौथी गोष्ट एकटेपणाची. घरातली सगळी माणसे मजुरीला जात असतील तर जाण्याआधी त्याला फिरवून, पाणी ठेवून, चावायला सुक्या भाकरीचा तुकडा देऊन जा. घरातल्या वासाचे जुने लुगडे अंथरून द्या. आरंभी दहा मिनिटे बाहेर जाऊन परत या, मग अर्धा तास, मग जास्त. शेजारच्या मावशी दिवसभर घरी असतील तर त्यांची आणि कुत्र्याची ओळख करून द्या. ज्याच्याशी ओळख झाली त्याच्यावर कुत्रा भुंकत नाही, आणि ओळख झालेला माणूसही दगड उचलत नाही.

पाचवी गोष्ट, लहान पिलू आणले असेल तर पहिल्या तीन महिन्यांचा काळ वाया घालवू नका. त्या वयात जे बघितले त्याची भीती उरत नाही. सायकल, टपालवाले काका, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, काठी टेकत चालणारा म्हातारा, शाळेची पोरे, सगळी त्याला दाखवा.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. कचरा वेचणारी बाई गल्लीत आली, गटार साफ करणारा कामगार आला, की कुत्रा भुंकतो आणि ओट्यावर बसलेला मालक हसतो. कधी कधी सोडतोही. ती बाई, तो कामगार आपल्यापैकीच कोणाची तरी आई किंवा भाऊ असतो. कुत्र्याला जात कळत नाही, गरिबी कळत नाही. त्याला मालकाचा चेहरा कळतो. कोणाला बघून मालकाच्या कपाळावर आठी येते, हे तो शिकतो आणि त्याच्यावर तुटून पडतो. तेव्हा आपल्या दारातल्या कुत्र्याने कोणावर भुंकायचे, हे आपण त्याला शिकवत असतो. कष्टकऱ्यावर भुंकणारा कुत्रा आपल्या दारात शोभत नाही.

काय करू नये, तेही सांगतो. तोंड दोरीने बांधून ठेवू नका. कुत्रा तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्यातून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. उन्हाळ्यात तोंड बांधले तर तो मरू शकतो. विजेचा झटका देणारे पट्टे बाजारात मिळतात, ते घेऊ नका. भ्यालेल्या कुत्र्याला मारू नका, भीतीत मार मिळाला की तो चावरा होतो.

आता बिबट्याविषयी, कारण आपल्या जिल्ह्यात भुंकण्याचा प्रश्न त्याच्याशीही जोडलेला आहे. याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पट्ट्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाने ८७ टक्के पाळीव प्राणी निघाले, आणि त्यात सगळ्यांत मोठा वाटा, ३९ टक्के, एकट्या कुत्र्याचा होता. शेळ्यांचा वाटा त्या मानाने कमी होता. म्हणजे ज्याला आपण राखणीला बाहेर बांधतो, त्याचाच घास आधी होतो. साखळीला बांधलेला कुत्रा पळू शकत नाही, भुंकून मात्र आपली जागा दाखवतो. म्हणून बिबट्याचा वावर असेल तिथे रात्री कुत्रा पडवीत किंवा गोठ्यात, दार लावून ठेवा. आतून त्याला चाहूल लागते आणि तो वर्दी देतोच. शिवाय बंद जागेतून रस्ता दिसत नसल्याने विनाकारण भुंकणेही कमी होते. म्हणजे एकाच गोष्टीने कुत्रा वाचतो आणि शेजाऱ्याची झोपही वाचते. मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा बांधतात, तो याच कारणाने. आणि भुंकणारा कुत्रा अचानक गप्प होऊन घरात पायांशी आला, तर अंधारात एकट्याने बाहेर जाऊ नका. दिवा लावा, आवाज करा, चार माणसे जागी करा.

आता शेजाऱ्यांसाठी. आपली झोप हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. ध्वनी प्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ रात्र म्हणून धरतात आणि राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा त्या वेळी ४५ डेसिबल, दिवसा ५५ डेसिबल ठेवतात. जवळून भुंकणारा कुत्रा ८० डेसिबलच्या पुढे सहज जातो. म्हणून तक्रार करायला लाजू नका. पण तक्रारीची एक रीत असते.

आधी सात दिवस वहीत टिपण ठेवा. किती वाजता भुंकला, किती वेळ, त्या वेळी काय घडत होते. रोज सकाळी सहाला डेअरीच्या गाडीवर भुंकतो असे दिसले तर उपाय सापडला: त्या अर्ध्या तासात कुत्रा आत घ्यायचा. दुपारी अकरा ते चार भुंकतो असे दिसले तर तो एकटा पडतो आहे. 'तुमचा कुत्रा सारखा भुंकतो' या वाक्याला उत्तर नसते, 'सहा ते साडेसहा' याला असते. मग मालक घरी असताना, डोके शांत असताना जा. "अण्णा, मोत्या गुणाचा आहे, पण माझी रात्रपाळी असते. सकाळी आठ ते बारा तेवढा त्याला मागच्या बाजूला बांधता का?" असे म्हटले तर शंभरातले नव्वद अण्णा ऐकतात. रात्री दोन वाजता दार बडवून शिव्या दिल्या तर एकही ऐकत नाही. मालकानेही 'इतके वर्ष कोणाला त्रास झाला नाही, तुलाच कसा होतो' असे म्हणू नये. त्रास झाला नाही असे नाही, कोणी बोलले नसेल.

विष घालण्याचा विचार मनातही आणू नका. प्राणी न मारण्याचे शील आपण तोंडाने म्हणतो, ते रात्रीच्या दोन वाजताही लागू असते. शिवाय तो गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावर मारणे किंवा अपंग करणे याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि विषाचा गोळा कुत्रा खाईल की अंगणात रांगणारे पोर, हे गोळा टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही.

दोघांत मिटले नाही तर वस्तीतली दोन वडीलधारी माणसे मध्ये घाला. तरी नाही मिटले तर गावात तंटामुक्त समितीकडे जा. राज्यात ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली ती अशाच छोट्या भांडणांसाठी. मात्र एक सीमारेषा लक्षात ठेवा. मिश्र वस्तीच्या गावात कुत्र्यावरून निघालेली गोष्ट जातीवर यायला वेळ लागत नाही. कोणी कुत्र्याचे निमित्त करून जातिवाचक शिवीगाळ केली, वस्तीवर चाल करून आले, तर तो तंटा राहत नाही, तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होतो. तिथे समजुतीची भाषा चालवून घेऊ नका, पोलिसांत जा. आणि उलट, साध्या आवाजाच्या भांडणाला आपणही उगाच तो रंग देऊ नये. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरच दोन्हींना न्याय मिळतो.

मालक नसलेल्या कुत्र्यांचे काय? भाद्रपदात रात्रभर भुंकणे, भांडणे, टोळ्या करून फिरणे वाढते, कारण तो त्यांच्या माजाचा हंगाम. सुमारे ६३ दिवसांनी पिले होतात आणि गल्लीत आणखी तोंडे वाढतात. याला दगड हा उपाय नाही, नसबंदी हा आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे. यात नगरपालिकेप्रमाणे ग्रामपंचायतही आली. शस्त्रक्रिया झालेला कुत्रा कमी भटकतो, कमी भांडतो, म्हणून रात्रीही निवते. ग्रामसभेत हा विषय लेखी द्या आणि कार्यवृत्तात नोंद होते की नाही ते बघा. शिळे अन्न आणि कोंबडीची घाण उघड्यावर टाकणे बंद करणे हे आपल्याच हातात आहे. जिथे उकिरडा तिथे टोळी, जिथे टोळी तिथे रात्रभर गोंगाट.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. कुत्र्याचा आवाज अचानक बदलला, घोगरा झाला, घशात अडकल्यासारखा येऊ लागला, तोंडातून लाळ गळू लागली, तो ओळखीच्या माणसावरही धावू लागला किंवा अंधारात कोपरा धरून बसला, तर तो पिसाळलेला असू शकतो. पिसाळण्यात घशाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून आवाज बदलतो. त्याच्या जवळ जाऊ नका, मुलांना घरात घ्या, गुरांच्या दवाखान्यात आणि ग्रामपंचायतीत कळवा. कोणाला चावला किंवा नुसते ओरखडले तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण करा. दोन इंजेक्शने घेऊन 'बरे वाटते' म्हणून थांबू नका. हा रोग एकदा अंगात दिसू लागला की त्यावर औषध नाही, त्याआधी मात्र तो शंभर टक्क्यांजवळ टाळता येतो. घरच्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात लस द्या, नंतर डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. ही लस शोधणारे लुई पाश्चर यांचा तो स्मृतिदिन. त्या सुमारास ठिकठिकाणी लसीकरणाची शिबिरे होतात, तिकडे लक्ष ठेवा.

आता करायचे काय ते थोडक्यात. ज्यांच्या दारात कुत्रा आहे त्यांनी या रविवारी शेजारच्या दोन घरी जाऊन स्वतःहून विचारावे, "आमच्या मोत्याचा तुम्हाला त्रास होतो का? कधी होतो?" ज्यांना त्रास आहे त्यांनी आजपासून वही घालावी. आणि वस्तीच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटे या विषयाला द्यावीत: रात्री दहानंतर कोणाचा कुत्रा कुठे बांधायचा, रात्रपाळीचे कामगार कोणत्या घरात आहेत, परीक्षा कोणाच्या आहेत, लस कोणत्या कुत्र्याची राहिली आहे. कोणत्या विहिरीला किती पाणी आहे हे जसे हिवरे बाजारात सगळ्यांसमोर मांडले जाते, तसेच कोणाला किती झोप मिळते हेही सगळ्यांसमोर मांडता येईल. त्याला सरकारी योजना लागत नाही, एक वही आणि दहा माणसे पुरतात.